राउटरचा मिनी यूपीएस: खोक्यावर आठ तास, पडवीत सव्वा तास

स्टार आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतले सुटले. पाचपैकी एक. तोपण डब्याच्या प्लास्टिकला, प्लास्टिक खरंच दणकट आहे. वस्तूबद्दल सांगण्यासारखं तसं थोडंच आहे, पण ती माझ्या पडवीत आली कशी ते सांगायला जरा वेळ लागणारे, आणि खरं तर मला रिव्ह्यू त्याचाच लिहायचाय.

आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे. घराला लागून दोन खोल्या आहेत त्या निवास-न्याहारीला देतो. आधी पाहुणे फोनवर विचारायचे समुद्र किती लांब, सुरमई मिळेल का. आता पहिला प्रश्न वायफाय आहे का आणि दुसरा स्पीड किती. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघतात, सोमवारपण राहतात, आणि सोमवारी सकाळी दहाला त्यांचा कॉल असतो, आंघोळ झालेली नसते पण शर्ट इस्त्रीचा. आणि जून लागला की आमच्याकडे लाईटची काय गत होते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, वारा सुटला, माडाचं एखादं चुडत तारेवर पडलं की गेली, मग दहा मिनिटांनी येईल नाहीतर संध्याकाळी. घरात इन्व्हर्टर आहे पण फायबरचा डबा, ज्याला ओएनयू म्हणतात, तो पडवीत, तिथलं वायरिंग नंतरचं, ते इन्व्हर्टरवर नाही. घेतलं असतं तरी आमचा इन्व्हर्टर जुना, चेंजओव्हरच्या झटक्यात राउटर रिस्टार्ट होणार, ओएनयूचे दिवे परत हिरवे व्हायला तीन-चार मिनिटं, आणि तोवर पाहुणा दारात येऊन "नेट गेलं का हो?" म्हणून उभा.

तर त्यासाठी हा मिनी यूपीएस. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर केवढं होईल तेवढा डबा, आत लिथियमचे सेल, ॲडाप्टरची पिन ह्याच्यात जाते आणि ह्याची पिन राउटरमध्ये. लाईट गेलेली राउटरला कळतसुद्धा नाही. कल्पना झकास आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कुठला घ्यावा ते विचारायला मी गेलो आमच्या ग्रुपवर.

ह्या ग्रुपबद्दल सांगायलाच हवं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईची पोरं लॅपटॉप घेऊन गावाला आली, कोण माळ्यावर बसून काम करतोय, कोण रेंज मिळते म्हणून सड्यावर जाऊन बसतोय, त्यातनं हा ग्रुप निघाला. नेट, राउटर, इन्व्हर्टर, सोलर असलं सगळं. पहिलं वर्षभर काय सोनं होतं ते! मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, कोणीतरी विचारलं की गाडीच्या बॅटरीवर राउटर चालेल का. जामसंड्याचे एक काका आहेत, टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं त्यांचं, त्यांनी भलामोठा मेसेज टाकला. गाडीची बॅटरी नावाला बारा व्होल्टची, पूर्ण भरलेली असली की साडेबाराच्या वर असते आणि इंजिन चालू असताना चौदाच्याही वर जाते, तेव्हा इंजिन बंद ठेवूनच लावा, मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी बारावर स्थिर ठेवणारा बोर्ड, टाकलात तर उत्तम, आणि पिनचा आतला भाग प्लस की मायनस ते ॲडाप्टरवरच्या छोट्या चित्रात बघून घ्या, उलटं लावलंत तर राउटर गेला. सोबत वहीच्या पानावर पेनने काढलेली आकृती, आणि फोटोच्या कोपऱ्यात पेजेचा वाडगा आलेला. त्या वाडग्यावरनं दोन दिवस चेष्टा चालली होती. पण निदान पाच-सहा घरांत त्या आकृतीवर नेट चाललं, माझ्या मोबाईलमध्ये तो फोटो अजून आहे.

तर ह्या जूनमध्ये मी लिहिलं, ओएनयू आणि राउटर दोन्ही मिळून निदान तीन तास चालायला हवेत, कुठला मिनी यूपीएस घेऊ. चार मिनिटांत पहिलं उत्तर. "भाऊ डोळे झाकून हा घे, आमच्या चिपळूणला दिवसातनं चार वेळा लाईट जाते, आठ तास आरामात निघतात." खाली लिंक. लगेच दुसरा, "सेम, वर्ष झालं, झीरो इश्यू." तिसऱ्याने फोटोच टाकला, भिंतीवर राउटर, खाली हाच डबा, निळा दिवा लागलेला. चौथ्याकडे कूपन, दीडशे रुपये कमी होतील पण आज रात्री बारापर्यंतच. मला काय वाटलं असेल? वाटलं, बघा, अजून कशी माणसं आहेत, विचारलं की धावून येतात. खोडलेली किंमत ३,९९९, खाली १,८४९, कूपन लावून १,६९९. घेतला.

आला तिसऱ्या दिवशी, इकडे तिसऱ्या दिवशी येणं हेच मोठं. खोक्यावर ठळक अक्षरात १०,४०० एमएएच आणि आठ तास बॅकअप. आत डबा, दोन वायरी, आणि गुळगुळीत कागदाचं एक कार्ड: पाच स्टार द्या, फोटोसकट रिव्ह्यू टाका, स्क्रीनशॉट ह्या नंबरवर पाठवा, २०० रुपये यूपीआयवर मिळवा. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. पण मी ते कार्ड टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, म्हटलं बघू, दोनशे म्हणजे दोनशे.

रात्रभर चार्ज केला, सकाळी पडवीचा स्विच बंद करून मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. एक तास अठरा मिनिटं. म्हटलं पहिली वेळ आहे, नीट भरला नसेल. दुसऱ्या दिवशी एक तास वीस. तिसऱ्या दिवशी परत सव्वा तासाच्या आसपास. ग्रुपवर सांगितलं तर चिपळूणवाला म्हणतो, "भाऊ तुमचा राउटर जास्त पॉवर खात असेल." वर्षभर झीरो इश्यूवाला म्हणतो डिफेक्टिव्ह पीस असेल, रिप्लेस करा. केला. रिटर्न नव्हतंच, फक्त रिप्लेसमेंट. नवा आला, तोही एक तास वीस. तीन आठवड्यांनी तोच पंचावन्न मिनिटांवर आला. आणि त्याच आठवड्यात ठाण्याच्या एका मॅडमचा कुठलासा इंटरव्ह्यू मध्येच कट झाला, त्या काही बोलल्या नाहीत पण दुपारी सोलकढी नको म्हणाल्या. नुसत्या फोनच्या हॉटस्पॉटकडे बघत बसल्या होत्या. मला तोंड दाखवायची लाज वाटली.

मग डबा पिशवीत टाकून गेलो जामसंड्याला, काकांकडे.

काकांनी डबा हातात घेतला, वरखाली केला, आणि वापरायला लावायच्या आधीच विचारलं, "तुका ह्यो घेवक सांगल्यान कोणी?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. माझा राउटर आणि ओएनयू मी बरोबर नेला होता, ते त्यांनी वॉटमीटरवर लावले, दोन्ही मिळून नऊ वॉट. मग टेबलावर पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या मागे हिशोब. तोच इथे देतो, ज्याला कुठलाही डबा घ्यायचाय त्याने करून बघावा.

आतले सेल प्रत्येकी २,६०० एमएएचचे आणि असे चार, म्हणून खोक्यावर १०,४००. पण हे एमएएच सेलच्या व्होल्टेजवर मोजलेत, म्हणजे ३.७ व्होल्टवर. राउटरला लागतात बारा. तेव्हा एमएएच बघायचेच नाहीत, वॉट-तास बघायचे. १०,४०० एमएएच म्हणजे १०.४ अँपिअर-तास, गुणिले ३.७ व्होल्ट, साडेअडतीस वॉट-तास. ३.७ चे बारा करताना साधारण पंधरा टक्के वाया जातात, उरले तेहतीसच्या आत. भागिले नऊ. साडेतीन तास. म्हणजे खोक्यावरचा आकडा शंभर टक्के खरा धरला तरी माझ्या घरात आठ तास होऊच शकत नाहीत, आठ तास निघायला लोड चार वॉटचा हवा, एखादा अगदी लहान राउटर एकटाच. हे पाच मिनिटांचं गणित आहे आणि ग्रुपवर तीन-चार हजार माणसं आहेत, त्यातल्या एकानेही मला "तुझा लोड किती?" हे विचारलं नाही. जुन्या ग्रुपवर पहिला प्रश्न तोच आला असता.

पण साडेतीन कुठे आणि सव्वा कुठे. काकांनी डबा उघडला. (तुम्ही उघडू नका, लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर आग लागते, काकांचा हात चाळीस वर्षं ह्यातच गेलाय.) आत चार सेल, १८६५० मापाचे, ते नाव म्हणजेच माप, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ लांबी. प्रत्येकावर छापलेलं २,६००. काकूंचा काजूगर तोलायचा डिजिटल काटा होता ओट्यावर, त्यावर एक सेल ठेवला. बत्तीस ग्रॅम. दुसरा तेहतीस. मग काकांनी खोक्यातनं एका जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल काढला, त्याच मापाचा, तो ठेवला. सेहेचाळीस. "मासो घेताना वजन बघतंस मां? मग ह्यां कित्याक बघणस नाय?" चांगल्या कंपनीचा ह्या मापाचा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, एवढा हलका म्हणजे आत मालच कमी. मग उलटा हिशोब केला, नऊ वॉट, एक तास वीस मिनिटं, म्हणजे बारा वॉट-तास बाहेर आले, वाया गेलेले धरून आत चौदा, एका सेलला जेमतेम साडेनऊशे एमएएच. छापलेले २,६००. काटा परत काकूंनी नेला, त्यांना दुपारच्या आत अर्धा किलो गर भरून द्यायचे होते.

चहा झाला, खाजं पुढे आलं. मी म्हटलं काका, तुम्ही ग्रुपवर का नाही सांगितलंत, मी विचारलं तेव्हा? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मी ग्रुपवर कुठे आहे, फेब्रुवारीतच बाहेर पडलो.

हे मला माहीतच नव्हतं. चार महिने. रोज उघडतो मी तो ग्रुप.

झालं असं होतं की फेब्रुवारीत ह्याच डब्याची पहिली पोस्ट आली तेव्हा काकांनी हेच गणित टाकलं होतं. दहा मिनिटांत उत्तरं. "काका जळतात." "दुसऱ्या कंपनीकडून पैसे घेतले वाटतं." एकाने तर "ओके बूमर" लिहिलं, त्याचा अर्थ काकांनी नातवाला विचारला. ॲडमिनने लिहिलं ग्रुपवर निगेटिव्हिटी नको, आणि आठवडाभर त्यांचे मेसेज बंद केले. आठवडा संपल्यावर काका निघाले. कोणाशी भांडण नाही, काही नाही, "सोडल्यान म्हटल्यार सोडल्यान". मी त्या दिवशी ग्रुपवर काय बघत होतो काय माहीत, बहुतेक कुठल्या तरी इअरफोनची डील.

घरी आल्यावर रात्री बसून मागचं सगळं वाचलं. बायको म्हणाली झोपा आता, सतराशे रुपयांसाठी जागताय. पण ते सतराशेचं राहिलंच नव्हतं. तो तिसऱ्या माणसाचा फोटो मोठा करून बघितला, राउटरच्या शेजारी भिंतीवर कॅलेंडर, त्यावर फेब्रुवारीचं पान. टाकला जूनमध्ये, "आत्ताच लावला" म्हणून. वर सरकत गेलो तर मार्चमध्ये दुसऱ्याच नावाच्या माणसाने तीच भिंत टाकलेली, कॅलेंडरच्या वर प्लास्टरला तीच तडा गेलेली, फक्त फोटो डाव्याचा उजवा केलेला, त्यामुळे कॅलेंडरवरचे आकडे उलटे. चिपळूणवाल्याला मी दुसऱ्या एका ग्रुपवर शोधला, तिथे तो लिहितो "आमच्या नाशिकला दिवसातनं चार वेळा लाईट जाते." लाईट चारच वेळा जाते सगळीकडे. आणि लिंका. छोट्या लिंका होत्या त्या ब्राउझरमध्ये उघडून पूर्ण पत्ता बघितला, तर वेगवेगळ्या तिघांच्या लिंकांच्या शेवटी एकच टॅग. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, त्या टॅगवरनं साईटला कळतं की गिऱ्हाईक कोणी पाठवलं, आणि विक्री झाली की त्याला कमिशन. कमिशन घेणं हा काही गुन्हा नाही. "माझी ॲफिलिएट लिंक आहे, घेतलीत तर मला पन्नास रुपये मिळतील" असं सांगून दिली असती तर मी कदाचित मुद्दाम त्यावरनंच घेतली असती. पण तीन नावं, तीन गावं आणि खिसा एकच. कूपनवाला तोच, नाहीतर त्याचा भाऊ.

एक गोष्ट मला त्या रात्री जाणवली ती म्हणजे जाहिराती पूर्वीही होत्या, कोणीतरी सोलर पॅनलवाला येऊन आपलं कार्ड टाकून जायचा, आपण म्हणायचो हा विकायला आलाय. त्याने काही बिघडत नव्हतं. आता विकणाराच गिऱ्हाइकाच्या कपड्यात येऊन बसलाय, त्यामुळे खरं गिऱ्हाईकही खोटं वाटायला लागतं. मागच्या महिन्यात रत्नागिरीच्या एका पोराने स्वतः सोल्डर करून बनवलेल्या वस्तूचे फोटो टाकले, मी मनातल्या मनात पहिलं काय म्हटलं असेल तर, ह्याला किती मिळाले? बिचाऱ्याला कोणीच उत्तर दिलं नाही. दिवसाला तीनशे मेसेज पडतात आणि त्यात मोजलेला आकडा एक नाही. "बेस्ट कुठला?" "हा घे ब्रो." संपलं. आणि आता त्यात एआयने लिहिलेली उत्तरं आलीत, "निश्चितच! योग्य मिनी यूपीएस निवडताना खालील बाबी लक्षात घ्याव्यात", असल्या मराठीत आमच्याकडे तहसीलदारसुद्धा बोलत नाही. वाचून झालं की हातात काही राहत नाही. काकांच्या मेसेजमध्ये वाडगा होता निदान.

कायदा आहे का तर आहे, मी शोधून वाचला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, आणि त्यांनी ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले. वस्तूची शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी काही संबंध असेल तर तो सांगायलाच हवा. जानेवारी २०२३ मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी एक पुस्तिका पण काढली, त्यात नुसते पैसेच नव्हे तर फुकट वस्तू, सूट, भेट हेही संबंधातच धरलेत, आणि खुलासा ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत हवा, म्हणजे मराठीत गोडवे गाऊन खाली बारीक अक्षरात इंग्रजीत काहीतरी टाकायचं हे चालत नाही. कायद्यात दंड दहा लाखांपर्यंत, परत केलं तर पन्नास लाखांपर्यंत. ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नचे, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांबद्दलचे, नियम आले, तेरा प्रकार दिलेत, त्यात जाहिरात जाहिरात आहे हे लपवून सामान्य माणसाचं मत म्हणून खपवणं हा एक, आणि खोटी घाई लावणं हा आणखी एक. रात्री बारापर्यंतचं कूपन आठवलं मला. ते कूपन मी काल लावून बघितलं, अजून चालतं. रिव्ह्यू विकत घेण्याबद्दल भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १९००० : २०२२, पण ते ऐच्छिक, पाळलं तर पाळलं. ते दोनशे रुपयांचं कार्ड फोटो काढून ठेवलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली, नंबर मिळालाय, पुढे काय होतं ते बघू. पण तक्रार विकणाऱ्याची करता येते. चिपळूण-नाशिकवाल्याची कोणत्या नावाने करणार, त्याचं नावच नाही, डीपीला वाघ आहे.

आम्हा देवगडकरांना हे खरं तर नवीन नाही. हापूसचं काय झालं ते बघितलंय की आपण. बाहेरचा आंबा आणायचा, देवगड छापलेल्या खोक्यात भरायचा आणि रस्त्याच्या कडेला "थेट बागेतून" म्हणून विकायचा. २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी खोकं थांबलं नाही. शेवटी २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने एकेका फळावर वेगळ्या कोडचा स्टिकर आणला, स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की आंबा कोणाचा ते कळतं. माझ्या मेहुण्याने ह्या वर्षी स्वतः बसून चिकटवले, बोटं चिकट झाली म्हणून शिव्या घालत होता. पण आंब्याला निदान मालक आहे, त्याचं नाव खराब झालं की त्याच्या पोटावर पाय येतो म्हणून तो धडपडतो. "मी वर्षभर वापरतोय" ह्या वाक्याचा मालक कोण?

मेहुण्याचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी खाली लिहील. आमच्या खोल्यांत आरशाशेजारी एक कागद चिकटवलेला होता, मीच लॅमिनेट करून आणलेला: आमचा पाहुणचार आवडला तर पाच स्टार द्या आणि जाताना आमच्याकडून कोकम सरबताची बाटली भेट. त्या काळात बाटल्या भराभर गेल्या. एकूण रिव्ह्यू चाळीसच्या वर आहेत, त्यातले किती बाटलीचे ते मी मोजायला बसलो आणि अकराला थांबलो. आणि सगळ्यात पहिला रिव्ह्यू, "सासुरवाडीसारखं वाटलं", तो मेहुण्याचा आहे, त्याची सासुरवाडी गुहागरला आणि आमच्याकडे तो खोलीत कधी झोपलेला नाही, येतो तो ओसरीवरच आडवा होतो. डब्यातलं ते कार्ड आणि माझा तो कागद शेजारीशेजारी टेबलावर ठेवले तेव्हा बायको म्हणाली, "तुमचं अक्षर बरं आहे त्यांच्यापेक्षा." कागद काढला. बाटली आता सगळ्यांना देतो, रिव्ह्यू मागत नाही, महागात पडतं जरा. मेहुण्याला रिव्ह्यू काढायला सांगितला तर म्हणतो पासवर्ड विसरलो.

असो, पडवीत आता काय आहे ते सांगतो. काकांच्या सांगण्यावरनं जामसंड्याच्या एका इलेक्ट्रिशियनकडनं बनवून घेतलं. बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, अलार्मवाले वापरतात ती, चार्जरचा एक बोर्ड, आणि राउटरला स्थिर बारा व्होल्ट जावेत म्हणून मध्ये बक-बूस्ट, बॅटरी पार उतरायच्या आत तोडणारा कटऑफ. सगळं मिळून एकोणीसशे. दिसायला गचाळ आहे, भिंतीवर वायरींचं जाळं झालंय, पण मी तीनदा लावून बघितलं, सहा तासांना पंधरा मिनिटं कमी, सहा तास दहा मिनिटं, सहा तास. बॅटरी जुनी होईल तसं कमी होणार. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावून घ्या, आमच्याकडची खारी हवा तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं करते. आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही ती काकांनी सांगितली, घेण्याआधी आपल्या केबलवाल्याला विचारा की त्याच्या ऑफिसातल्या मशीनला बॅकअप किती. फायबरच्या वाटेतले स्प्लिटर, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणारे डबे, बिनविजेचे असतात, पण टोकाचं मशीन विजेवर चालतं, त्याची बॅटरी दोन तासांत बसली तर तुमचा राउटर पडवीत आठ तास दिवे लावून बसेल आणि नेट शून्य. आमच्यावाल्याकडे जनरेटर आहे, डिझेल असलं की चालतो.

जुना डबा रिकामा केला, सेल काकांनी ठेवून घेतले, नीट विल्हेवाट लावतो म्हणाले. बॉडीत बायको सुया-दोरे ठेवते. म्हणून तो एक स्टार.

ग्रुपवर मी परवा लिहिलं. कोणीतरी नवीन पोरगा, वेंगुर्ल्याचा, विचारत होता मिनी यूपीएस कुठला घेऊ, दुकानात नेट बंद पडतं. चिपळूणवाल्याच्या आधी पोचायचं म्हणून घाईघाईत टाईप केलं, तरी लांबच झालं. लोड किती ते आधी मोज, वॉट-तास असे काढ, सेलचं वजन, काट्याचा फोटो, माझे तीन टायमिंग, सगळं. वीस मिनिटांनी बघितलं तर मेसेज नाही, ॲडमिनने उडवलेला. पण पोराने त्याआधी वाचला असावा, कारण त्याचा पर्सनलवर मेसेज आला.

"दादा थँक्स, खूप मस्त माहिती. लिंक आहे का?"

म्हटलं लिंक नाही रे, जामसंड्याला ये एकदा, माणूस दाखवतो. निळ्या टिका आल्या.